माडीवरचं कपाट

मुरूम, चैत्र वद्य तृतीया

आलो एकदाचे! करोडगिरीच्या नाक्यावर जकातीसाठी शिपायानं माझं शिवणाचं मशीन उघडून पाहिलं, त्यात अर्धी दुपार गेली. तरी मन प्रसन्न आहे. ह्यांना इथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरची जागा मिळाली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्हां दोघांचं वेगळं बिऱ्हाड झालं. सोलापुरात सासूबाईंच्या नजरेखाली एक ओळ लिहायची चोरी होती. आता रोजनिशी उघड्यावर ठेवता येईल.

जागा आडतदार शरणबसप्पांच्या माडीवर आहे. खाली पुढच्या अंगाला त्यांची आडत, मागं चौक आणि राहतं घर. घरात ते आणि त्यांची म्हातारी आई इरम्मा, बाकी कुणी नाही. चौकातून लाकडी जिना थेट आमच्या दाराशी येतो. खोली लांबरुंद, भिंती नुकत्याच पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. शरणबसप्पा मला अक्का म्हणतात. माणूस पन्नाशीच्या आतला, मृदू बोलणारा, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी घागर, चूल, सरपण सगळं आधीच ठेवलं होतं.

खटकलं ते एकच. गल्लीकडच्या भिंतीला एक शिसवी कपाट आहे. छताला टेकेल एवढं उंच आणि बैलगाडीएवढं रुंद. मागं खिडकी असावी, आणि मशीनसाठी मला नेमका तिथलाच उजेड हवा होता.

चैत्र वद्य षष्ठी

मुरूमच्या बायका हौशी आहेत. चोळ्यांची कापडं येऊ लागली. काठाच्या चोळीला इथं वेगळी तऱ्हा आहे, ती शिकते आहे. पण अंधारात सुई ओवता येत नाही.

काल ह्यांनी शरणबसप्पांना विचारलं, की कपाट हलवता येईल का. मला वाटलं होतं, कां-कू करतील. ते लगेच हो म्हणाले. म्हणाले, न्या ना, मोडा, जाळा, काय वाटेल ते करा, फक्त हमाल तुम्हीच सांगा, मी हात लावणार नाही. इतकं जड शिसव कुणी असं सोडतं का? ह्यांना त्यात काही वाटलं नाही.

आज इरम्मा वर आल्या. जिना चढून धाप लागली होती. कानडीखेरीज त्यांना काही येत नाही. त्यांनी कपाटावर हात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तेगीब्याड." पुन्हा पुन्हा तेच, "तेगीब्याड, तेगीब्याड." मागोमाग शरणबसप्पा आले. त्यांनी सांगितलं, की आई म्हणते आहे लवकर न्या, अडचण होते. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्यांनी तिला दंडाला धरून खाली नेलं.

अडचण होते म्हणणारं माणूस असं डोळ्यांत पाणी आणून सांगत नाही.

चैत्र वद्य नवमी

बब्रुवान नावाचा हमाल आपली माणसं घेऊन आला. कापसाच्या गाठी उचलणारे गडी. कपाट तसूभर हललं नाही. बब्रुवाननं खालच्या दारांचं कुलूप तोडलं आणि मागं सरला.

"बाई, ह्यात कपडे न्हाईत. धोंडे हायत."

खरंच. खालून वरपर्यंत खाणीतले धोंडे रचलेले. फुटक्या जात्यांच्या तळ्या, वजनाचे दगड. फटींत चुना ओतला होता. कपाट भरून ठेवलं नव्हतं, ते खिळवून ठेवलं होतं.

धोंडे काढायला अख्खी सकाळ गेली. मग कपाट सरकलं आणि मागं खिडकी नव्हती, दार होतं. दोन फळ्यांचं, आडव्या अडसराचं. बब्रुवान म्हणाला, की पूर्वी आडतीचा माल इथून कप्पीनं वर ओढायचे. फटीतून पाहिलं, दाराबाहेर पायरी नाही, सज्जा नाही. खाली फरशीची गल्ली. कपाटही इथूनच वर आलं असणार, कारण जिन्यातून ते मावत नाही. न्यायचं तर इथूनच उतरवावं लागेल.

हे चेष्टेनं म्हणाले, की झोपेत चालायची सवय नाही ना तुला. मी हसले नाही. मालाचं दार बंद करायला कुणी एवढे धोंडे रचतं का?

मी बब्रुवानला विचारलं, की हे कुणी भरलं. त्यानं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "उद्याच्याला दोर आणतो. मग आमचं काम संपलं." मी विचारलं त्याचं ते उत्तर नव्हतं.

चैत्र वद्य दशमी

कपाट गेलं. भर दुपारी अडसर काढून दार उघडलं तेव्हा खोलीत एवढा उजेड आला, की क्षणभर सगळी शंका विसरले. दोरखंडानं कपाट हळूहळू खाली सोडलं. गल्लीत माणसं जमली होती. शरणबसप्पाही उभे होते, नवं धोतर नेसून. सगळे कपाटाकडे बघत होते. ते एकटे वर, उघड्या दाराकडे. दोन्ही हात पुढं करून हलक्या आवाजात म्हणत होते, "बा. बा."

मला वाटलं, कुणा हमालाला सांगताहेत.

इरम्मा बाहेर आल्याच नाहीत. संध्याकाळी दार लावून घेतलं. अडसर सैल बसतो.

चैत्र वद्य त्रयोदशी

जिना करकरतो. कुणीतरी उतरतं. आम्ही चढताना तो करकरतोच, पण त्या कुणाचं चढणं कधी ऐकू येत नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, लाकूड आहे, उन्हानं तडकतं.

खालच्या घरात बांगड्या वाजतात. इरम्मांच्या हातांत बांगड्या नाहीत. चौकात शरणबसप्पांनी दोन ताटं घेतलेली पाहिली. इरम्मा तर अंथरुणाला खिळल्या आहेत म्हणे. मग दुसरं ताट कुणाचं? मी जिन्यावर उभी आहे हे पाहून ते हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

चैत्र वद्य अमावास्या

आज दूधवाल्या तुळजाबाईला गाठलं. तिला कानडी येतं. आधी ती दुधाचं माप घालून निघालीच होती. मी तिचा पदर धरला. तेगीब्याड म्हणजे काय, विचारलं.

"काढू नको," ती म्हणाली. "न्हायतर उघडू नको. दोन्हीला त्योच शब्द."

आणि बा?

"बा म्हंजे ये."

मग तिनं सगळं सांगितलं. शरणबसप्पांची बायको महादेवी ह्याच खोलीत राहायची. चार सालांखाली ती सांगू लागली, की त्या दारामागून आई हाक मारते. आई तर तिच्या लग्नाआधीच वारलेली. एका दुपारी महादेवीनं अडसर काढला आणि बाहेर पाऊल टाकलं. खाली फरशीवर —

त्यानंतर शरणबसप्पांना दारामागून महादेवी हाक मारू लागली. घरात घ्या म्हणून. इरम्मानं हमाल लावून कपाट ओढून घेतलं, धोंडे भरले, लेकाकडून गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शपथ घेतली, की मी ह्याला हात लावणार नाही.

त्यांनी शपथ मोडली नाही. आम्हाला बिऱ्हाड दिलं.

मी तुळजाबाईला विचारलं, की महादेवीला हाक मारणारी तिची आई नव्हती, तर मग शरणबसप्पांना हाक मारणारी महादेवी कशावरून? ती मापापेक्षा जास्तच दूध घालून गेली.

वैशाख शुद्ध प्रतिपदा

इरम्मा गेल्या. चौकात खांबाला टेकून बसलेल्या सापडल्या, डोळे जिन्याकडे. शरणबसप्पा रडले नाहीत. माती देऊन आल्यावर आत कुणाला तरी हळूच सांगत होते, की आता कुणी अडवणार नाही.

ह्यांना म्हटलं, आजच जागा सोडू. ह्यांनाही आता काहीतरी खटकलं आहे. पण दवाखान्याच्या साहेबांनी ह्यांना औषधं आणायला गुलबर्ग्याला पाठवलं आहे. परवा संध्याकाळच्या मोटारीनं येतील, मग सामान हलवू. मला तुळजाबाईकडे जा म्हणाले. तिच्याकडे गेले. तिनं दार उघडलं नाही. आतूनच म्हणाली, "बाई, तुमच्या मागं कोण हाय?"

माझ्या मागं कुणी नव्हतं.

वैशाख शुद्ध द्वितीया

जिन्याचं दार आतून लावलं आहे. मालाच्या दाराला मशीन लावलं आहे. खाली बांगड्या थांबल्या. शरणबसप्पांचाही आवाज नाही सकाळपासून. आडत उघडली नाही. लोक हाका मारून गेले.

वैशाख शुद्ध तृतीया, दुपार

जिन्यावर हे आले आहेत. "उमे, दार उघड. आधीची मोटार मिळाली." तोच आवाज, तोच घसा खाकरणं.

पण जिना करकरला नाही — चढताना —

लिहिते आहे म्हणून डोकं ताळ्यावर आहे.

मालाच्या दारामागूनही हेच. "उमे, जिन्याकडे जाऊ नकोस. जिन्यावर जे आहे ते मी नव्हे. मी शिडी लावली आहे. इकडून ये."

दोघांना विचारलं, की लग्नात माझ्या हातातून काय पडलं. दोघं म्हणाले, अंतरपाट धरणाऱ्या मामाच्या पायावर नारळ. दोघं हसले. एकसारखे.

जिन्यावरचे आता दारावर धडका देताहेत. "उमे, कुणाशी बोलतेस? तिकडं कोण आहे? उमे!" आवाज रडवेला झाला आहे. हे कधी रडत नाहीत. म्हणून तो खोटा. ते आत आलेलं आहे ना, घरात आहे, जिन्यावर तेच असणार — बाहेरचे खरे —

मशीन सरकवलं. फटीतून दोन बोटं बाहेर घातली. शिडी आहे! खरी शिडी. लाकूड हाताला लागलं. अडसर काढते आणि —

पण वैशाखाच्या उन्हातलं लाकूड इतकं गार कसं