ऐंशी पावलांवरून

॥ श्री ॥

बोरखेडी (देवळीजवळ),
दि. ८ फेब्रुवारी १९८१

चि. सौ. रंभास,
भाऊचे अनेक आशीर्वाद. मनोहररावांना नमस्कार.

इकडे सर्व ठीक. बापूजी पंधरा दिवसांपासून सेवाग्रामला आत्याबाईंकडे आहेत. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डोळ्यावर पट्टी असूनही भाजी वाढायच्या आधीच ते मीठ कमी आहे म्हणतात, असे आत्याबाई कळवतात. म्हणजे तब्येत उत्तम आहे असे समज.

आता कामाचे. रानडुकरांनी यंदा अर्धा हरभरा उकरून ठेवला आहे. बंदूक मात्र त्या कार्तिकातल्या संध्याकाळपासून खुंटीला आहे. माझ्या नावच्या बंदुकीने तुझ्या धन्याचा डोळा गेला, तेव्हापासून तिच्याकडे पाहवत नाही. विहिरीवरच्या बाभळीखालून डुकरावर काढलेला बार ऐंशी पावले जाऊन कापसात उभ्या माणसाला लागतो, हे आधी माहीत असायला हवे होते. म्हणून ठरवले आहे की मांजरपाटाचा तुकडा टांगायचा, वेगवेगळ्या अंतरावरून बार काढायचे आणि छर्रे किती फाकतात ते पाहायचे. मगच बंदुकीला हात लावायचा.

पण जागा मिळेल तर शपथ. गिट्टीच्या खदानीवर मजूर असतात. वीटभट्टीवाला म्हणाला की त्याचे बैल उधळतील. कोरड्या तळ्यात धोबी. सेवाग्रामच्या वाटेवर खादीवाल्या चंद्रभानची पडीत जमीन आहे म्हणून गेलो, तर त्याने हातात टकळी दिली आणि सूत काततो म्हणत असशील तर हवी तेवढी जागा घे म्हणाला. सिंदीच्या नाल्याकाठी तुमचे पडीत वावर आहे, मागे उंच दरड आहे. मनोहररावांना विचारून पाहा. त्यांना विचारायला मला लाज वाटते, म्हणून तुला लिहितो.

उत्तर लवकर येऊ दे, आणि माया आहे तशीच असू दे.

तुझा,
रूपराव

---

सिंदी (रेल्वे),
दि. १७ फेब्रुवारी १९८१

ती. भाऊस,
रंभाचा शि. सा. नमस्कार.

पत्र मिळाले. डुकरांना तुझा पत्ता बरा माहीत! आमच्याकडे माकडे आहेत. ती निदान दिवसा येतात.

यांना विचारले. म्हणाले की रूपरावले येऊ दे, मी पण पाहीन. पूर्वी हे कापूस चिमटीत धरून नुसत्या नजरेने प्रत सांगायचे. आता जिनिंगच्या फाटकावर बसून आलेल्या गाड्या लिहून घेतात. तक्रार करत नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास होतो.

एक गोष्ट कोणाला सांगितली नाही. त्या संध्याकाळी कापसात यांना मीच पाठवले होते. कार्तिकातल्या वातींसाठी माहेरचा नवा कापूस हवा, ओटीभर वेचून आणा म्हटले होते. बाजारात काय कापूस नव्हता? तेव्हापासून वात वळायला बसले की बोटे थांबतात.

१ मार्चला रविवार आहे. सकाळच्या गाडीने ये. जेवायला थांब. तुझ्या आवडीची पाटोडी करीन.

लहानीवर लोभ राहू दे.

रंभा

---

सिंदी (रेल्वे),
दि. ५ मार्च १९८१

रूपरावभाऊस,

नमस्कार.

तू रविवारी खुशीत गेलास. ऐंशी पावलांवरचा तुकडा हातात धरून म्हणालास, की पाहा, एवढ्या मोठ्या कपड्यावर सातच छर्रे, तेही इकडे तिकडे, एखादा डोळ्यात जाणे म्हणजे निव्वळ नशीब. चारही तुकडे इथेच टाकून गेलास. प्रत्येकावर तुझ्याच अक्षरात कोळशाने अंतर लिहिलेले आहे.

तू गेल्यावर यांनी पेटीतून तो सदरा काढला. मी तो धुतला नव्हता, फेकलाही नव्हता. डाव्या खांद्यापासून गळपट्टीपर्यंत एकोणीस भोके आहेत. सदरा एकेका तुकड्यावर ठेवून पाहिला. ऐंशीवर जुळत नाही. साठवरही नाही. तीस पावलांच्या तुकड्याच्या कडेला जशी दाट भोके आहेत तशीच सदऱ्यावर आहेत. यांनी दोन्ही कपडे घडी करून ठेवले आणि जेवले नाहीत.

काल दिवेलागणीला मी यांना सदरा घालून, दुपट्टा बांधून वावरात वाकून उभे केले आणि तीस पावले मोजून मागे गेले. चेहरा दिसला नाही. पण माणूस आहे हे आंधळ्यालाही कळले असते. मग डुक्कर कुठून आले, भाऊ? बाभळीखाली तू नव्हतासच. तू पोलिसांना ऐंशी पावले सांगितलीस आणि तुझ्या शब्दावर मी सही केली. नवरा दवाखान्यात कण्हत होता आणि मी बाहेर तुझ्या बाजूने बोलत होते.

तू कशासाठी केलेस ते मला हवे आहे. यांचे काही चुकले असेल तर तेही लिही. उत्तर येईपर्यंत भावाचे नाव या घरात निघणार नाही.

रंभा

---

बोरखेडी,
दि. ९ मार्च १९८१

तीर्थरूप बापूजींच्या सेवेशी,
बालक रूपरावचा शि. सा. नमस्कार.

रंभाचे पत्र सोबत पाठवले आहे. पट्टी निघाली असे आत्याबाईंनी कळवले, तेव्हा ते स्वतःच वाचा.

त्या संध्याकाळी मी देवळीच्या बाजारातून परत येत होतो. बार ऐकून धावत आलो तेव्हा बंदूक तुमच्या हातात होती. तुम्ही म्हणालात की बाभळीखालून डुकरावर ओढली, ऐंशी पावले असतील. परवाना माझ्या नावावर, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तुम्ही बंदुकीला हात लावायलाच नको होता. तुम्हाला ठाण्यात बसवतील म्हणून मी सांगितले की बंदूक माझ्या हातात होती. तुम्ही सांगितली तेवढीच पावले मी सांगितली. एकदाही मोजली नाहीत. तुमच्यावर माझा एवढा विश्वास होता.

आता बहीण मला खुनशी समजते आहे. मला फक्त खरे काय ते कळवा. मी तुमच्यावर ओरडणार नाही.

आपला आज्ञांकित,
रूपराव

---

सेवाग्राम,
ता. १४ मार्च ८१

चि. रूपरावले आशीर्वाद.

डोळा साफ झाला. निंबाचं पान न् पान दिसते. हे पत्र माह्याच हातानं लिहून राह्यलो.

तू विचारलं म्हणून सांगतो. डुक्कर नव्हतं. तीस पावलं असतील, मी का मोजत बसलो होतो? आठ दिवसांपासून धुऱ्याकडचा कापूस कोणीतरी वेचून नेत होतं. मले आपल्या गड्याचा, नत्थूचा वहीम होता. त्या दिवशी डोक्याले दुपट्टा, ओटीत कापूस, असा वाकून एक जण दिसला. आवाज दिला असता तर तो पळाला असता. मी नळी खालीच धरली होती. पायाले चार छर्रे लागले असते, गावाले धाक बसला असता. नेमका तो अजून खाली वाकला, त्याले मी काय करू? चेहरा दिसला नाई. नत्थू असता तर चार दिवस लंगडला असता न् गोष्ट तिथंच मिटली असती. जावई निघाला, हे आपलं नशीब.

रंभीले यातलं काही सांगू नको. मीच मारलं म्हणून लिहून दे न् मोकळा हो. बाई भावावर वर्षभर रुसते, मंग येते. बापावर रुसली तर माहेरच तुटते. माहे आता किती दिवस राह्यले? पत्र वाचून चुलीत टाकजो.

बापूजी

---

बोरखेडी,
दि. १९ मार्च १९८१

चि. सौ. रंभास आशीर्वाद.

बापूजींचे पत्र सोबत आहे. आधी ते वाच, मग हे.

बंदूक माझ्या हातात नव्हती. बाकी खोटे माझेच आहे. उद्या देवळीच्या ठाण्यात जाऊन जबानी बदलून देणार आहे. मग माझे जे व्हायचे ते होऊ दे. बापूजींना तसे कळवले आहे. त्यांनी मला मेला समजेन असे आत्याबाईंकडून कळवले. मनोहररावांचे काहीही चुकले नव्हते. तुझेही नाही. ओटीभर कापूस मागणे हा गुन्हा नाही, वात वळताना हे मनात आण.

पत्र पहिल्यांदा वाचले तेव्हा मला फक्त मनोहरराव दिसले. दुसऱ्यांदा वाचत होतो तेव्हा नत्थू गोठ्यात बैलांना वैरण टाकत होता. त्या संध्याकाळी गाडी त्यानेच जुंपली होती. मनोहररावांचे डोके मांडीवर घेऊन मी बसलो होतो आणि तो देवळीपर्यंत बैलांच्या पुढे पळत होता, हे तुला मी कधी सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. कापूस तो नेत होता की नाही, मला माहीत नाही. विचारायचे धाडस झाले नाही.

बापूजींना वाईट वाटते ते माणूस चुकला याचे. माणसावर बार काढला याचे नाही. त्यांना नावे ठेवून मी हे पत्र संपवणार होतो, पण संपवता येत नाही. त्या कापसात नत्थू पडला असता तर मी ठाण्यात हेच सांगितले असते: डुक्कर होते, ऐंशी पावले होती. तुझ्याकडे सणाला आलो असतो, पाटोडी खाल्ली असती, डुकरांच्या गोष्टी सांगितल्या असत्या. आणि त्याच्या डोळ्यासाठी मी कुठेही जागा शोधत फिरलो नसतो.

माया ठेव असे लिहायला हात धजत नाही. मनोहररावांना नमस्कार सांग, ते घेत असतील तर.

रूपराव