जाताना नऊ तास, येताना अकरा

चि. सौ. सुरभीस,

गडबहून ताईचे आशीर्वाद. पोटातल्या पाहुण्याला वेगळे पाठवलेत, तुझ्यातले वाटून देऊ नकोस. इकडे सगळे बरे आहोत. भात घरात आलं, आईचा गुडघा थंडीतही गप्प आहे, आणि हैबतमामा वरश्याहून एक दिवसाआड आमची चौकशी करायला येतो (म्हणजे जेवायला). तुझी कंबर कशी आहे? डाव्या कुशीवर झोपतेस ना?

आता मुद्द्याचं. पहिल्या बाळंतपणाला आई येणार की नाही, हे तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी ‘आवाज तुटतोय’ म्हणाले. आवाज तुटत नव्हता. घोडं अडलं होतं तू पाठवलेल्या विमानांच्या वेळापत्रकावर. त्यात मधे विमान बदलायचं त्या टोकियोहून तुझ्या सॅन फ्रान्सिस्कोला जाताना नऊ तास लिहिलेत आणि येताना अकरा. मामानं चष्मा लावून ते वाचलं आणि घरात चौकशी आयोग बसला. तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस! रोहा-पेण जेवढा वेळ लागतो तेवढाच पेण-रोहा, मग हे दोन तास जातात कुठे? डायवर येताना वाटेत चहाला थांबत असणार, असा त्याचा निष्कर्ष निघाला. (खाली प्रशांत महासागर आहे असं मी सांगितलं, तर म्हणाला, मग नक्की वाट चुकत असणार.)

म्हणून मी वाचायला बसले. आईची भीती जावी म्हणून, बरं का. तर दहा-अकरा किलोमीटर उंचावर वाऱ्याची एक नदीच वाहते, पश्चिमेकडून पूर्वेकडे, आणि हिवाळ्यात तिला जास्त जोर असतो, कधी कधी ताशी दोनशे-तीनशे किलोमीटर. विमान तिच्यासोबत निघालं की लवकर पोचतं, उलट आलं की रखडतं. त्या नदीच्या काठाला हवा ढवळलेली असते, तिथे विमान हलतं. किती हलतं, आणि पंख किती वाकले तरी चालतं, हेही मी वाचलं. (अठरा लेख आणि दोन व्हिडिओ. दुसरा अर्ध्यावर सोडला.)

तोंडी सांगून कुणाला पटेना, म्हणून रविवारी मी खळ्यात सूप काढलं. थोडं भात वारवायचं राहिलंच होतं. स्टुलावर चढले, वाऱ्याकडे पाठ केली आणि सूप हलवलं. दाणे पायाशी पडले, फोलपटं वाऱ्यावर निघाली. हे जातानाचं विमान, मी म्हणाले. विमान कुंपण ओलांडून ठमाबाईच्या वाळत घातलेल्या पोह्याच्या पापडांवर उतरलं. पलीकडून लगेच आवाज आला, “अनिता गो, पुस्तकं वाचतेस ती वाच, माझ्या पापडांना भुसा कशाला लावतेस?” मी घाईघाईनं माफी मागितली आणि येतानाचं विमान दाखवायला वाऱ्याकडे तोंड करून सूप झटकलं. ही चूक आपल्या गावात पाच वर्षांचं पोरही करत नाही. निम्मी फोलपटं माझ्या डोळ्यांत गेली आणि निम्मी मागे उभ्या मामाच्या तोंडात. ते त्याच क्षणी डायवरबद्दल बोलायला उघडलं होतं.

आई उठली. तिनं माझ्या हातातलं सूप काढून घेतलं.

“वाऱ्याशी भांडून भात वारवत नाय गो. वारा फिरला तर आपली उभी राह्याची जागा बदलायची, नायतर जरा दम धरायचा. तो डायवर शिकलेला हाय ना? त्याला एवढं कळत नसंल व्हय?”

आणि खरंच, सुरभी, वैमानिक हेच करतात. वारा कुठे किती आहे ते आधी बघून वाट आखतात. येताना त्याला चुकवायला लांबचा वळसा घेतात, इंधन जास्तीचं भरतात. म्हणजे ते दोन तास कुणी चोरत नाही, ते वाऱ्याला वाट दिल्याचे असतात. हे मी अठरा लेखांत वाचलं होतं, पण माझ्या गळी उतरलं ते त्या सुपामुळे. माझे डोळे वाहत होते (फोलपटांमुळे) आणि कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं. मामा अजून थुंकतोय, पण पटलंय त्यालाही.

तेव्हा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याचं तिकीट काढ. आई येतेय.

तुझी,
अनिताताई

ता. क. ठमाबाईचे ते पापड शेवटी आपणच घेतले. तुझ्यासाठी आणतेय. तळण्याआधी फडक्यानं झटक.

ता. क. २. आईला पत्र वाचून दाखवलं. म्हणते, खरं काय ते लिही. तर खरं असं की तिचा व्हिसा लागलेला पासपोर्ट दसऱ्यापासून नव्या साडीच्या घडीत तयार आहे. ती एकदाही नाही म्हणालेली नाही. एवढंच म्हणाली होती, अनिता आली तर येईन. फोनवर तुटत होता तो माझा आवाज.

ता. क. ३. म्हणून तिकिटं दोन काढ, व्हिसा मीही तेव्हाच घेऊन ठेवला होता. खिडकी आईला, शेजारची जागा मला. विमान हललं की माझा हात धरायचं तिनं कबूल केलंय. येतानाच्या अकरा तासांचं मला आत्ता विचारू नकोस. बाळाला बघून तिथून निघवेल तर ना!