ओहोळाची वाट, खालून वर

।। श्री ।।
भिवंडी, ६ मार्च २०२५

सौ. तुळजाताईस, धाकट्या हिरामणचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतेस आणि मी घाबरून तीन खोट्या गोष्टी बोलून जातो, म्हणून पत्र. कागदावर खोटं लिहिताना हात आखडतो.

आपली टेकडी तुला न विचारता मुरमासाठी खणायला दिली, हे लिहून देतो. ती तशी लांब गेलेली नाही. कशेळीकडच्या गोदामांखाली चपटी होऊन पडली आहे. आपल्याकडे खड्डा राहिला, आणि पायथ्याचा ओहोळ खडीमातीत गडप झाला. दोन पावसाळे तो सगळा गाळ राहीकाकीच्या भातखाचरात उतरतोय. यंदाही आवणी, म्हणजे लावलेला भात, बुडाली तर ती खाचर गोदामवाल्याला देणार आहे. म्हणते, चिखलच पिकवायचा तर सिमेंट काय वाईट?

खड्डा भरत आणलाय. उतारावर बांबू आणि करंज लावतोय. अडलंय ते ओहोळापाशी. सरकारी नकाशात तो एक सरळ रेघ आहे. गेल्या वर्षी मी तशीच चारी खणली. पाणी हायवेवरच्या ट्रकसारखं सुटलं आणि रोपांसकट काकीच्या खाचरात शिरलं. वळणं हवीत. आपल्या शेतांची नावं त्या वळणांवरूनच पडलेली, पण सातबाऱ्यावर नुसते गट नंबर. लहानपणी मी निजामपुऱ्यात मामाकडे शाळेला. बाबांची न्याहारी घेऊन ओहोळाच्या काठाने तू जायचीस. तेवढी नावं क्रमाने लिहून धाड. जूनच्या आत पाण्याला वाट हवी.

लोभ आटला असल्यास एखादा पाझर तरी असू द्यावा, ही विनंती.
तुझा, हिरामण

।। श्री ।।
उरण, १९ मार्च

चि. हिरामणास, आशीर्वाद (अनेक नाहीत, मोजके).

तुझं पत्र वाचून तुझे भाऊजी विचारत होते, हा माफी मागतोय की नकाशा? मी म्हटलं, दोन्ही एका पाकिटात बसवायची त्याची जुनी सवय आहे.

मला टेकडीतला वाटा नको होता रे. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून तू विचारलं नाहीस. ते मला समजतं, आणि तेच गिळवत नाही.

नावं तुला नाही, राहीकाकीला देतेय. डोहाचं : इथे पाणी गोल फिरतं. वाकडं : इथे डावीकडे वळतं. काखेतलं : ओहोळ इतका आत वळतो, की शेत त्याच्या काखेत धरल्यासारखं दिसतं. आडवं : इथे अंग टाकून पडतो. जांभळीचं : उजवीकडे. एवढंच.

प्रकृतीस जप. बाकी लोभाचं काकीच्या आवणीनंतर पाहू.
तुळजा

।। श्री ।।
भिवंडी, ४ मे

सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

एक विपरीत घडलं. हसणार असशील तर भाऊजींसमोर हसू नकोस.

पाणी वरून येतं म्हणून मी तुझी यादी वरून खाली वाचली. न्याहारी खालून जाते म्हणून तू ती घरापासून लिहिलीस. तीन दिवस पोकलेनने ओहोळ उलटा खणला. डावं ते उजवं आणि डोह थेट माथ्यावर. पोकलेनवाला म्हणाला, सेठ, पानी से यू-टर्न मत मरवाओ. मी त्याला गप्प केलं. मग काकी आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, आरं हिरामण, डोह कंदी टेकरीवर आसतो का? चार माणसांत म्हणाली.

सगळं पुन्हा बुजवलं. आता यादी सुलट धरली तरी वळण नेमकं कुठे सुरू होतं ते कळेना. खुणेचं एक झाड शिल्लक ठेवलेलं नाही मी. ताई, तू ये. माफीचं पाकीट वेगळं आहे, ते घरी आल्यावर हातात देतो.

वाटेकडे डोळे लावून,
हिरामण

।। श्री ।।
उरण, ११ मे

चि. हिरामणास अनेक आशीर्वाद.

हसले. भाऊजींसमोरच हसले.

शुक्रवारी येते. काकीकडून पाटी आणि चुंबळ मागून ठेव. रिकाम्या डोक्याने मला ती वाट सापडायची नाही; डोक्यावर भार असला म्हणजे पाय आपोआप वळतात. छप्पन्न वर्षांची बाई पाटी घेऊन पुढे आणि पोकलेन मागे, असं ध्यान गावाने पाहिलं तर पाहू दे. फोटो मात्र काढायचा नाही.

भेटीअंती बोलूच. भांडूही.
तुळजा

।। श्री ।।
भिवंडी, ९ ऑगस्ट

सौ. तुळजाताईस शि. सा. न. वि. वि.

ओहोळ चालतोय. पळत नाही, चालतोय. तू पाटी सावरत जिथे जिथे वळलीस, तिथे तो वळतो आणि गाळ तिथेच टाकतो. वाकड्यापुढे मात्र त्याने स्वतःच्या मनाने एक वळण घेतलंय. मी फावडं घेऊन गेलो होतो. काकीने ते काढून घेतलं. करंजातले निम्मे जगले. टेकडी काही परत येत नाही, आणि तिकडे पाहिलं की मी अजून मान खाली घालतो.

काकीची आवणी झाली. परवा गोदामवाला कागद घेऊन आला होता. काकीने त्याला बांधावरच थांबवलं, चपला काढायला लावल्या आणि म्हणाली, दादा, जागा मोकली न्हाय, भात हाय तित.

तो चपला हातात घेऊन गेला. लोभ वाहता असावा.
तुझा, हिरामण