दोन रिंगांचा नियम

४ फेब्रुवारी
आज कामावर गेलो. आमची लेक मनी जाऊन सतरा दिवस झाले. दोन कवळ्या पूर्ण केल्या. एकीचा दात उंच राहिला, पुन्हा घासला. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "लवकर आलात." घरी तरी काय करू! डबा तसाच परत आणला. बायकोनं उघडून पाहिला.

७ फेब्रुवारी
मनीचा फोन पोलिसांकडून मिळाला. काच फुटलीय, पण चालतो. अपघाताच्या दिवशी तिनं मला रिंग दिलेली नाही. दोनदा पाहिलं.

८ फेब्रुवारी
नियम लिहून ठेवतो. नाहीतर पुढे वाटेल, मीच मनानं रचला.

ती अकराची असताना ठरवला होता. मैत्रिणी नको तिथं ओढायला लागल्या आणि तोंडावर नाही म्हणवेना, तर मला दोन रिंगा देऊन कट करायचं. मी लगेच उलटा फोन लावायचा आणि ओरडायचं — आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. "कुठं उंडारतेयस? तिथंच थांब, आलोच मी!" ती तोंड पाडून म्हणायची, "शी बाबा, तू ना!" मग मी स्कूटर घेऊन जायचो. वळण ओलांडलं की मागे बसून खुदुखुदु हसायची.

मी ओरडायचो! ज्याचा आवाज कधी शेजारच्या खोलीत गेला नाही, तो! तिच्या वर्गात माझं नाव जमदग्नी पडलं होतं. वाईटपणा माझ्याकडे, सुटका तिची. चार वर्षांत नऊ-दहा वेळा तरी.

९ फेब्रुवारी
काल पुढचं लिहिलं नाही.

डिसेंबरात ती पंधराची झाली. त्याच आठवड्यात, ऐन कामाच्या घाईत, रिंगा आल्या. गेलो, आणलं. पण वाटेत म्हणालो, "पुरे आता हे नाटक. मोठी झालीस. स्वतः नाही म्हणायला शीक."

मागून "बरं" एवढंच आलं. वळण ओलांडलं, हसली नाही.

१५ फेब्रुवारी
काही नाही.

२ मार्च
जिराफ आली होती. मनीची उंच मैत्रीण, नाव मनीनंच ठेवलेलं. त्या दिवशी पोरांनी लावलेल्या गाड्यांच्या शर्यतीत स्कूटर हिच्या हातात होती, मनी मागे. हिचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे. मी बस म्हणालो नाही. उभ्यानंच बोलली.

"काका, आम्हा दोघींनाही जायचं नव्हतं. सगळे भित्री भागूबाई म्हणून चिडवत होते. मी मनीला म्हटलं, जमदग्नींना रिंग दे ना. ती म्हणाली — जमदग्नी रिटायर झाले."

दार लावून घेतलं. बायको आतून म्हणाली, "अहो, तीही पोरच आहे." मग स्वतःच दार उघडून जिन्यापर्यंत गेली. तोवर ती खाली उतरली होती.

३ मार्च
रिटायर!

२१ मार्च
संध्याकाळी बायको बहिणीकडे गेली होती. साडेसहाला फोन वाजला. दोन रिंगा, कट. पडद्यावर 'जिराफ'. मनीनंच कधीतरी माझ्या फोनमध्ये नंबर भरून ठेवलेला.

फोन हातात धरून बसून राहिलो. मग लावला. पलीकडे पोरापोरींचा गलका, कुणीतरी गाडी रेझ करत होतं. उभा राहिलो. ओरडलो. "कुठं उंडारतेयस? तिथंच थांब, आलोच मी!"

 मग — "शी बाबा, तू ना!"

माझी स्कूटर जानेवारीपासून जिन्याखाली उभी होती. मागच्या सीटवरची धूळ फडक्यानं पुसली.