वाईन मी थुंकली होती

लिंबायत, नोव्हेंबर १९९६. मंगळवार, संध्याकाळ.

शेठने मला कारखान्यासाठी नवे लूम, म्हणजे माग, बघायला इटलीला नेलं. तिथे कंपनीवाल्यांनी वाईन चाखायला बसवलं, हा काय माझा गुन्हा? पाव, चीज आणि चार ग्लास. कंपनीची बाई सांगत होती, घोट तोंडात फिरवा, मग बादलीत थुंका. मी चारही वेळा थुंकून टाकली. बायकोला, सुनंदाला, दिलेली न पिण्याची शपथ पाळली. तर ती म्हणते, "तोंडमा लिदेल दारू कोन थुंकस?"

आज ती कारखान्यात जाऊन शेठलाच विचारून आली. बादलीकडे ढुंकूनही न बघता चारही ग्लास रिचवणारा तो माणूस, स्वतःचं पिणं लपवायला, म्हणाला, "अरे बेन, कैसी वाईन? हमने तो खाली चीज खाया!"

खोटारडाच ठरायचं होतं, तर तो शेवटचा घोट, चीजच्या तुकड्यावरचा, कशाला थुंकला मी?