खोक्यामागचं स्टिकर

प्रिय राजा,

तुझ्या नव्या वाचनकक्षात नेट लागत नाहीये, हे कानावर आलं. एका वाचनालयातली गोष्ट दुसऱ्या वाचनालयात पोचायला वेळ लागत नाही, तुला ठाऊकच आहे. तूही मूळचा इथलाच. तू फीत कापलीस, पाहुणे मोठ्या कौतुकाने कॉम्प्युटरसमोर बसले, आणि एकाही मशीनला नेटवर्क दिसेना. तिथल्या अध्यक्षांनी म्हणे शेवटी स्वतःच्या मोबाइलवर बातम्या वाचल्या. मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, खुर्चीचा हात धरून पोटभर हसले.

हे ईमेलनेही लिहिता आलं असतं. पण ईमेलची तू पहिली ओळ वाचतोस आणि अंगठ्याने वर सरकवतोस. फोनवर कामाचं तेवढं ऐकलंस की ठेवून देतोस. कागदाचं तसं नाही. तो टाकून दिला तरी तुझा शिपाई उचलून परत टेबलावर आणून ठेवेल. शिवाय परवा तू घरी आलास तेव्हा आपलं बोलणं झालंच नाही. तुझ्याभोवती माणसं होती, तू काळा चष्मा लावून बसला होतास, आणि मी जिन्यात लोकांच्या चपला बाजूला करत होते.

आधी त्या वाय-फाय कार्डाचं, ज्यासाठी तू मला फोन केला होतास. मी सांगितलेलं नाव बरोबर होतं, त्यात काही खोट नाही. त्या कार्डात सुरुवातीला जी चिप असायची, तिला आपली मशीनं ज्यावर चालतात ते लिनक्स नीट ओळखतं. कार्ड खोचलं, मशीन चालू केलं, की झालं. पण कंपनीने मध्येच चिप बदलली. खोकं तेच, त्यावरचं चित्र तेच, नाव तेच, आत मात्र दुसराच माल. कळतं फक्त मागच्या स्टिकरवरून, बारकोडखाली बारीक अक्षरात आवृत्ती छापलेली असते तिथून. पहिली असेल तर डोळे मिटून घ्यावं. नवी असेल तर कुणा हौशी माणसाने फावल्या वेळात लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, शोधत बसावं, जो दर अपडेटला मोडतो. तू नवी घेतलीस, आणि एक आणून बघायच्या आधी सगळ्या कक्षासाठी घेतलीस. त्यावर कडी म्हणजे भिंतीवरच्या नेटच्या वायरी उपटून टाकल्यास, का तर त्या फोटोत वाईट दिसतात. अरे, निदान एक तरी ठेवायचीस.

आपल्या इथल्या वाचनालयातली मागची खोली आठवते का रे तुला? मी एका जुन्या मशीनचं झाकण उघडं टाकून एकेक कार्ड लावून बघायचे, जिन्याखाली सिग्नल येतो का, जाडजूड पुस्तकांच्या कपाटांमागे येतो का, सगळं तपासायचे. तू टेबलावर पाय हलवत बसायचास. मी चिपबद्दल सांगायला लागले की म्हणायचास, झाला रेडिओ सुरू, मला नाव सांग फक्त. तेव्हा मला ते गोड वाटायचं. रेडिओ हे नाव मी लाडाचं समजून मिरवलं. तुझं न ऐकणंही मी लाडानेच चालवून घेतलं, आणि आपलं लग्न होणार म्हणून सगळीकडे पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मग इथल्या वार्षिक सभेत आपल्या अध्यक्षांनी उभं राहून तुझं कौतुक केलं. सगळ्या वाचनालयाचं नेटवर्क या तरुणाने एकहाती उभं केलं, असं म्हणाले. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत होते. तू माझ्याकडे पाहिलंसही नाहीस, नुसती मान डोलावलीस. तुझ्यावर खोटं बोलल्याचा आरोप कुणी करू शकणार नाही, राजा. तू कधीच खोटं बोलत नाहीस. समोरचा जे तुझ्या पदरात टाकतो, त्याला तू फक्त मान डोलावतोस. त्या एका मान डोलावण्यावर तुला मोठ्या शहरातली मोठी खुर्ची मिळाली. लग्नाचं नंतर बघू म्हणालास, आणि ते नंतर काही उगवलं नाही.

तू गेलास, पण तुझी आई माझ्याच खालच्या मजल्यावर राहिली. शेजारपाजारच्या बायकांसमोर ती मला सूनबाई म्हणायची. मी कधी दुरुस्त केलं नाही. तिचं दुखणं वाढलं तसं मी तुला कळवत गेले. तू वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवत गेलास. दवाखान्यात ठेवलंय म्हटल्यावर मात्र चक्क अक्षरं लिहिलीस, उद्घाटन झालं की येतो.

त्यानंतर तुझा तो फोन आला, कार्डासाठी. मी कुठे आहे, हे तू विचारलं नाहीस. मी तिच्या खाटेशेजारी होते. मला तुला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. आधी स्टिकरचं सांगणार होते, कारण तेवढ्यासाठी तू थांबला असतास, आणि त्याच्याच पाठोपाठ दुसरं: डॉक्टर म्हणतात आज-उद्याचं काही सांगता येत नाही, असशील तसा निघ. तुझी सवय ओळखून असा क्रम लावला होता बघ. मी नाव सांगितलं आणि म्हणाले, ऐक ना. तू थँक्यू म्हणून फोन ठेवलास. मी परत लावला, तू कापलास, आणि मेसेज आला, ऑर्डर देतोय, नंतर. मग मीही मेसेज लिहिला, आणि पुसला. आईसाठी यायला तुला माझ्या मेसेजची गरज लागावी, हे मला त्या क्षणी सहन झालं नाही. मला तुझा भयंकर राग आला होता.

तिने विचारलं, कुणाचा गं? मी म्हणाले, तुमच्या राजाचा. तुमचीच चौकशी करत होता. जेवता का, झोप लागते का, सगळं खोदून खोदून विचारत होता. तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिने नर्सला हाक मारून सांगितलं, माझ्या मुलाचा फोन होता हो, एवढ्या कामाच्या धबडग्यातही आईची आठवण काढतो. मग मला म्हणाली, उशी जरा उंच कर. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

परवा, उद्घाटन उरकून तू आलास तेव्हा, ती नर्स घरी भेटायला आली होती. तुझ्यासमोर हात जोडून म्हणाली, आई समाधानाने गेल्या, तुम्ही फोनवर एवढी विचारपूस केलीत म्हणून. मी जिन्यात होते, कुणाची तरी चप्पल हातात तशीच राहिली. मला वाटलं, आता हा गोंधळेल, निदान माझ्याकडे बघेल. तू मान डोलावलीस. नुसता गोंधळला असतास ना, तरी हे पत्र लिहिलं नसतं. जुन्या आवृत्तीची कार्डं मागच्या खोलीत पडून आहेत, तीही मुकाट्याने पाठवून दिली असती. पण ते समाधान मी तिच्यासाठी रचलं होतं, राजा, ते तुझ्यासाठी नव्हतं. ते तुझ्याकडून काढून घ्यायला हे लिहिते आहे. तू आईची चौकशी केली नाहीस. तू कार्डाचं नाव विचारलंस, आणि ते मिळाल्यावर फोन ठेवलास.

तुझीच,
रेडिओ