महानंदाच्या हाताचं माप

११ जुलै, शुक्र.
सांगून सांगून जीभ झिजली माझी. ट्रे कडेला हाय, बघून चाल. तरी आज महानंदानं कोपरानं लाल काचेच्या बांगड्यांचा सगळा ट्रे खाली घेतला. नागपंचमी तोंडावर, दुकानात बाया मावंनात, आन् हिचं हे. मी म्हणलं, डोळे घरी ठिवून आलीस का? "अक्का, खरंच दिसला न्हाई." परातीएवढा ट्रे, दिसला न्हाई म्हणे! धाकटी जाऊ म्हणून किती झाकायचं माणसानं. बाया हसल्या. म्हणजे मीच हसवलं, मुसळहाती म्हणलं तिला. नेहमीचंच. ती खाली बसून काचा वेचत राहिली. बोट कापलं, पदरात गुंडाळलं.

१४ जुलै, सोम.
बसस्टँडासमोर मोटरसायकलवाला तिला घासून गेला. मी सरले, ती सरलीच न्हाई. त्याच्यावर ओरडले, मग तिच्यावर.
पण घरी आल्यावर चैन पडंना. ती भाकरी करताना तिच्या कानाजवळ हळूच उलथनं नेलं. नजर हलंना. पार नाकासमोर आणलं तवा दचकली. "काय करून राहिलीस अक्का?" काही न्हाई म्हणलं. दुसऱ्या बाजूनंबी केलं. तसंच.
तिच्या नवऱ्याला, बसूला सांगितलं. बसू हैदराबादहून बांगड्यांचा माल घेऊन आलेला, डोळ्यात झोप. "चष्मा लागला असंल वैनी. तुम्हीच न्या." नवरा म्हणे. पण मी कोणत्या तोंडानं बोलू? ती घोरती म्हणून त्याला दुकानात झोपायला मीच लावून दिलंय.

१६ जुलै, बुध.
चष्म्याला म्हणून उदगीरातच डोळ्याच्या डॉक्टरनीकडं नेलं. मशीनमधी डोकं घालून दिवा दिसला की बटन दाबायचं. मधलं दाबलं. दोन्ही कडंचं एक न्हाई.
मग डॉक्टरनीनं डोळे सोडून तिचा हातच धरला. उलटा केला, सुलटा केला. अंगठी बसती का? चप्पल दरसाल मोठी लागती का? पाळी? घाम? डोकं दुखतं का? दातात फटी कधी पडल्या? मी मनात म्हणलं, बाई डोळ्याची का लग्न जुळवणारी? सगळ्याला महानंदा हाव म्हणून राहिली. जुना फोटो मागितला. लग्नातला होता मोबाइलमधी. डॉक्टरनी एकदा फोटो बघती, एकदा तिला. मीबी बघितलं. जबडा, नाक, ओठ. एका घरात राहून माणूस माणसाकडं बघत न्हाई.
मग मला इचारलं, "हात कधीपासून मोठे झालेत, लक्षात आलं होतं का तुमच्या?"
मी म्हणलं, न्हाई बा.
खोटं. लग्नाचा चुडा मीच भरला तिला. लहान मापाची, दोन चारची बांगडी, साबणबी लागला न्हाई. पोरगी झाल्यावर दोन सहा. मग दोन आठ. गेल्या पंचमीला सगळ्यात मोठं दोन दहाबी शिरंना. चरबी असली की हात दाबला की दबतो. हिचं हाड आडत होतं. हे मला कळत न्हाई व्हय? दुसरं कळतं तरी काय मला? चौथीतून काढून आईनं, माझ्या अव्वानं, बांगड्यांच्या पाटीम्होरं बसवली ती आजपस्तोर उठले न्हाई. पण हाड वाढतंय म्हणण्यापेक्षा चोरून खाती म्हणणं सोपं गेलं. दुकानात हसायला एक विषय झाला.
ऑटोत ती म्हणली, "अक्का, तुला तर माहीत होतं की." एवढंच. तोंड बाहेर.

१९ जुलै, शनि.
लातूर. डॉक्टरनीनं चिठ्ठी देऊन पाठवलं. कालच येऊन रक्त, साखरंचं पाणी पाजून परत रक्त, मग डोक्याचा एमआरआय. आज डॉक्टरनं समजावून सांगितलं. समजलं तसं लिहिते.
मेंदूच्या खाली, नाकाच्या पार मागं हरभऱ्याएवढी एक ग्रंथी सगळ्यांनाच असती. पिट्युटरी. अंगातल्या बाकीच्या ग्रंथींना ती हुकूम सोडती. तिच्यावर ट्यूमर झालाय. तो वाढीचं हार्मोन सोडत राहतो, मोठं माणूस उंच होत न्हाई मग हात, पाय, जबडा वाढतो, जीभबी जाड होती, म्हणून घोरणं. साखर वाढलीय ती त्याच्यानंच. आन् वरच डोळ्याच्या नसा, त्या दाबल्या की कडंचं दिसणं जातं.
बसूनं इचारलं, कॅन्सर? न्हाई म्हणाले. ऑपरेशन नाकातून, कवटी उघडायची न्हाई. मागून गोळ्या, इंजेक्शन लागतील, न लागतील, तपासून ठरवू. जेवढी नजर गेली तेवढी परत यील याचा भरवसा न्हाई, राहिलेली वाचवायची. उशीर नको. ४ ऑगस्टला भरती व्हा.
बसू म्हणला, "लवकर आणलं असतं तर?" डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू होतं, घरच्यांच्या लक्षात येत न्हाई, स्वतःला दोष देऊ नका.
हे ऐकून तर... महानंदा माझ्याकडं बघून राहिली होती.
तिनं एकच इचारलं, "माझं तोंड पहिल्यावानी हुईल का?" डॉक्टर खरं बोलले. सूज उतरंल, वाढलेलं हाड मागं जात न्हाई. तिनं पदर वढून घेतला.

२१ जुलै, सोम.
गेली. देगलूरहून भावाला बोलावून घेतलं आन् माहेरी गेली. तोंड हेच राहणार तर नाक कशाला फोडून घ्यायचं, म्हणती. दिसंल तेवढं दिसंल.
बसू उंबऱ्यात बसून. "वैनी, जबरदस्ती कशी करायची?" आमचे हे तर पेपर तोंडापुढून काढंनात.
घरात घोरणं न्हाई. झोप तरी न्हाई.

२५ जुलै, शुक्र.
देगलूरला जाऊन आले. भावजयीनं च्या ठिवला, महानंदा आतल्या खोलीत. दार लोटलं, तिच्या पायापाशी बसले. म्हणलं, चुकलं माझं. मला कळलं होतं, मी बोलले न्हाई, उलट तुझीच चेष्टा केली. डॉक्टरनीला खोटं सांगितलं.
ती कानडीवर आली, "साकु, अक्का. पुरे. दुकान भरून बाया होत्या तवा मुसळहाती म्हणलीस. आता दार लावून माफी मागून राहिलीस व्हय?"
मी पिशवी उचलून उठले.
निघताना ती सोडायला उठली तर चौकटीला खांदा धडकला. मी हात धरायला गेले. झटकला.

२७ जुलै, रवि.
परवा पंचमी. पाय ठिवायला जागा न्हाई. हात दाबून दाबून माझीच बोटं सुजली. तेवढ्यात जळकोटची ती ठसकेबाज गिऱ्हाईक, "अगं, तुमची मुसळहाती कुठं गेली? ट्रे फोडायला कुणी न्हाई आज!" सगळ्या हसल्या. जशा मी हसवत आले तशाच.
हातातला तिचा हात तसाच सोडला. म्हणलं, ऐका. ते नाव मी ठिवलंय. ती आजारी हाय, डोक्यात गाठ हाय, त्याच्यानं हात वाढले. मला माप कळत होतं आन् मी तिची टिंगल केली. पुन्हा ते नाव कुणी घेतलं तर बांगडी दुसऱ्याकडं भरा.
मग एक म्हातारी हळूच, "लागट हाय का गं?" न्हाई म्हणलं मावशी, माझी जीभ लागट हाय, ती सांभाळा.
पाच-सहा जणी तशाच उठून गेल्या. जाऊद्या.
वाटलं व्हतं छाती हलकी हुईल. न्हाई झाली. ती ऐकायला कुठं होती?

२९ जुलै, मंगळ.
पंचमी. बाया झोके खेळून राहिल्या. मी भाजी करपवली.

३० जुलै, बुध.
दवाखान्यातून बसूला फोन. येणार का न्हाई ते सांगा, न्हाई तर जागा दुसऱ्याला देतो. बसूनं फोन माझ्या हातात दिला. ह्या घरात कडू बोलायचं काम माझंच.
महानंदाला लावला, उचलंना. मग मोबाइलमधी बोलून पाठवलं. जसं आलं तसं.
"महानंदा, दुकानात सगळ्यांम्होरं बोलले मी. तुला खरं वाटत न्हाई तर कुणालाबी इचार. माफ करायचं न्हाई तर नको करू, जन्मभर बोल मला, मी ऐकून घेईन. दवाखान्यात मी नको असले तर गेटच्या आत येत न्हाई, तुझी भावजय येऊ दे. तोंड हेच राहणार म्हणतीस. राहू दे. ते तोंड घेऊन पोरीच्या लग्नात उभी राहायचं हाय तुला, आन् जावई कोणत्या बाजूनं आला ते दिसाया पाहिजे. तुझ्या नजरेचं मी वाटोळं केलं, राहिलेल्या नजरेचं तू माझ्यावरच्या रागात करू नको. शुक्रवारी संध्याकाळपस्तोर दवाखान्याला कळवायचंय. मला न्हाई तर बसूला सांग, पण सांग. येतीस का न्हाई?"